पोळ्याचं आवतन

जानराव हा मळेवाला गोपाळकृष्णाला नीट माहीत होता, असं म्हणणं खोटं होईल. त्याचं आडनाव काय ते गोपाळकृष्णाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला भाऊबहीण होते का, त्याने शाळेचं तोंड पाहिलं होतं का, तानुबाई ही त्याची पहिली बायको की दुसरी, यातलं काहीही खात्रीने सांगता येत नाही. पुढे कितीतरी वर्षं तो अकोल्याच्या बाजारात दिसत राहिला. दोघं बोलायचे, पण काय बोलायचे? वांगी, पाऊस, गाडीला झालेला उशीर. एवढ्यावर माणसाबद्दल लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. तरी एका पोळ्याच्या दिवशी जे घडलं ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटत राहिलं. सवय नसल्यामुळे सांगण्यात कुठे कमीजास्त झालं, तर त्याचा दोष जानरावाकडे जाऊ नये.

साल चौतीस असावं. वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताच्या कारभाराखाली होता. गोपाळकृष्ण एकोणीस वर्षांचा होता आणि तोवर त्याने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. जन्म जंगबारचा. वडील कमलाकांत साताऱ्याकडचे, पण जंगबारला एका भाटिया व्यापाऱ्याच्या लवंगांच्या पेढीवर कारकून म्हणून स्थिरावलेले. घरात मराठी, रस्त्यावर स्वाहिली, पेढीवर गुजराती अशा तीन भाषांत तो वाढला. मुलाने अमरावतीच्या कॉलेजात शिकावं असं वडिलांना वाटत होतं. आई, विमलबाई, ही वऱ्हाडातली. बार्शीटाकळीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या भिक्षुकाची ती मुलगी. लग्न होऊन गेली ती वीस वर्षांत माहेरी आली नव्हती. मुलाला पोचवायचं निमित्त करून तीही निघाली. आधी केशवमामाच्या गावी आठ दिवस राहायचं, मग अमरावती, असं ठरलं होतं.

बोट भर पावसाळ्यात मुंबईला लागली आणि तिथपासून जो गोंधळ सुरू झाला तो काही थांबायचं नाव घेईना. गोदीत शिपायाने ट्रंक उघडायला लावली आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळला. मामासाठी आणलेल्या लवंगांची पुरचुंडी फुटून लवंगा कपड्यांत पसरल्या, क्विनाइनच्या बाटलीत पाणी जाऊन गोळ्यांचा लगदा झाला. छत्री स्टेशनावर कुणीतरी उचलली. भुसावळला चहा घ्यायला उतरलेला गोपाळकृष्ण परत येताना भलत्याच डब्यात चढला. गाडी हलल्यावर आईची हाक ऐकून त्याने उडी मारली आणि गुडघा फोडून घेतला. अकोल्याला उतरल्यावर हमालाने ट्रंक चिखलात ठेवली, तेव्हा त्याच्या तोंडून रागाने स्वाहिली बाहेर पडली.

हमाल थांबून त्याच्याकडे बघत राहिला. "साहेब, शिव्या द्याच्या असन तं मराठीत द्या ना," तो म्हणाला. "मले समजलं तं पायजे का काय देऊन राह्यले."

आई हसली. पण तिचे दात वाजत होते. भुसावळपासून तिला हुडहुडी भरली होती. गोपाळकृष्ण म्हणाला, इथेच कुणा डॉक्टरला दाखवू. ती म्हणाली, प्रवासाचा शीण आहे, उद्या माहेरी पोचलं की आपोआप बरं वाटेल. लहान गाडी पावसाने बंद होती, म्हणून दोन रात्री धर्मशाळेत काढाव्या लागल्या. पहिल्याच सकाळी अंग खरोखरच निवलं होतं, म्हणून त्याने फार ताणलं नाही, आणि दोघं लहान गाडीने बार्शीटाकळीला गेले. मामाचा माणूस स्टेशनावर यायचा होता. तो आला नव्हता. पत्र पोचलं की नाही हेही कळायला मार्ग नव्हता.

भगवंत नावाच्या एका गाडीवानाला कसंबसं तयार करून दोघं बैलगाडीत बसले. पहिला नाला त्याने चाकं अर्धी बुडवून पार केला. दुसऱ्या नाल्याशी पोचले तर समोर नुसतं तांबडं पाणी धावत होतं आणि मधून उपटलेली बाभळीची झाडं वाहत चालली होती. भगवंताने बैल थांबवले, ट्रंक खाली उतरवली आणि गाडी वळवली.

"अहो, आम्हाला इथे सोडून कुठे चाललात?" गोपाळकृष्ण ओरडला.

"थो मया दिसते ना, थो जानरावचा. तिथी थांबा. पूर उतरला का जाजा पुढं. मले उजेडी घरी पोचा लागते, बैलाची खांदशेकनी आहे आज." एवढं बोलून त्याने बैलांच्या शेपट्या पिळल्या. थोड्या वेळाने मागच्या नाल्याचाही आवाज वाढला. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, असे ते दोन पाण्यांच्या मधे अडकले.

मळ्यातल्या झोपडीच्या दारात एक उंच, हाडापेराचा, चाळिशीचा माणूस उभा होता. तो जानराव. "पान्यात उभे कावून राह्यले?" त्याने विचारलं. "अंदर या ना. मायले आना आधी."

आत चूल पेटलेली होती. तानुबाईने विमलबाईंना बाजेवर निजवलं, अंगावर घोंगडं घातलं आणि मग हवेत वास घेत म्हणाली, "बाप्पा! हा कायचा वास? लगनाचा मसाला घेऊन आले का तुमी?"

"लवंगा आहेत. आम्ही जंगबारहून आलो."

"जंगबार?" जानरावाने विचार केला. "मूर्तिजापूरच्या तिकडं पडते का?"

"समुद्राच्या पलीकडे."

"मंग तं पान्याची सवय असन तुमाले," तो म्हणाला. तो चेष्टा करतोय की खरंच विचारतोय हे त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे. पुढेही कळलं नाही.

दिवस मावळायच्या बेतात होता. दुसऱ्या दिवशी पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, त्यांना लोणी-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण, त्यांना द्यायचं अशी वऱ्हाडातली रीत. गोपाळकृष्णाला यातलं काही माहीत नव्हतं. जंगबारला आई पोळ्याला मातीचे बैल करायची आणि नंतर ते खिडकीत ठेवायची, एवढंच त्याने पाहिलं होतं.

गोठ्यात दोन बैल होते, गुलब्या आणि चांद्या. जानराव पळसाच्या पानाने त्यांच्या खांद्यावरच्या घट्ट्यांना लोणी लावत होता, तानुबाई कंदील धरून उभी होती. गोपाळकृष्ण दारात येऊन बघत राहिला.

"आमच्यात आवतन घरातल्या ल्हान्या लेकरानं द्याव असं आहे," जानराव हात न थांबवता म्हणाला. "आमच्या घरी ल्हानं कोनी नाई. दरसाली मीच देतो. मीच ल्हाना."

"अन् एरवी मोठेपना काई कमी नाई," तानुबाई म्हणाली.

"आज तुमी आहा. द्या तुमी."

"मी? म्हणजे काय करायचं?"

"त्याच्या कानाशी जाऊन म्हनाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बस."

गोपाळकृष्णाला हसू आलं. पण अडीअडचणीत आसरा दिलेल्या माणसाचं मन कसं मोडायचं? तो गुलब्याजवळ गेला आणि पुटपुटला. आतून आईचा आवाज आला, "मोठ्यानं म्हण रे. त्यांना ऐकू गेलं पाहिजे." मग त्याने खणखणीत आवाजात दोन्ही बैलांना आवतन दिलं. गुलब्याने मान झटकली आणि हळदीचं पाणी त्याच्या तोंडावर उडालं. तानुबाई म्हणाली, "घेतलं बापा आवतन!" सगळे हसले. त्या गोंधळाच्या दिवसांतलं तेवढं एक हसणं.

रात्री ताप चढला. क्विनाइनचा लगदा पाण्यात कालवून दिला तो उलटून पडला. आई वडिलांना हाका मारत होती, मध्येच कुणा लहानपणच्या मैत्रिणीशी भांडत होती. तानुबाई डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवत बसून राहिली. सकाळी घाम फुटून ताप उतरला, पण आईचा चेहरा मेणासारखा झाला होता आणि हात उचलला तर तो तसाच खाली पडत होता.

तानुबाईने गोपाळकृष्णाला बाहेर बोलावलं. "बापू, हे एकाआड येनारं हिव आहे. आज दिवसभर अंग निवलेलं राहीन. उद्या पुन्हा चढन. उद्याचा ताप या माउलीच्यानं सोसवत नाई. आमच्या शेजारची शकुन अशीच गेली, मले म्हाईत आहे. आजच्या आज अकोल्याच्या दवाखान्यात न्या तिले."

अकोल्याला जाणारी गाडी दुपारी बार्शीटाकळीला यायची. त्यानंतरची दुसऱ्या दिवशी. बार्शीटाकळी तिथून दोन कोस.

जानराव तोवर काठी घेऊन नाले बघून आला होता. "मांगच्याले मांडीभर पानी आहे," तो म्हणाला. "तितून उतरता येते. पुढच्याचं नावच नका काढू."

"मग चला! कसं न्यायचं आईला?"

"बाजीवर न्याव तं चार खांदे लागतात. आजूबाजूचे मयेवाले कालच गावात गेले पोयाले. इथी आपन दोघंच." जानरावाने गोठ्याच्या बाजूला पाहिलं. तिथे एक जुनी हलकी दमणी उभी होती. वर तट्ट्याचं छप्पर असलेल्या त्या गाडीतून तो भाजी स्टेशनावर नेत असे. "दमनी आहे. पन..."

"पण काय? बैल आहेत ना?"

तानुबाई खाली बघत म्हणाली, "आज पोया आहे, बापू. बैलाच्या मानेवर जू ठेवत नाई आज."

गोपाळकृष्णाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग जे गेल्या काही दिवसांत साचलं होतं ते सगळं एकदम उसळलं. "माणूस मरायला टेकलंय आणि तुम्ही बैलांना जपताय? हे कसलं तुमचं...!" शब्द सुचेना म्हणून तो सरळ गोठ्यात शिरला आणि गुलब्याचं दावं सोडायला लागला. बैल त्याला ओळखत नव्हता. त्याने शिंग फिरवलं आणि गोपाळकृष्ण शेणाच्या चिखलात उताणा पडला.

जानरावाने त्याला बखोटीला धरून उठवलं. "लागलं का?"

"बैल जुपा!"

"त्याच्यावर राग कावून काढता? त्याले तं तुमीनच आवतन देलं."

गोपाळकृष्णाने अंगावरचं शेण झटकलं.

"म्या देलं असतं तं म्या मोडलं असतं," जानराव सावकाश म्हणाला. "त्याहीच्या पाया पडलो असतो, वरीसभर गावात खाली मान घालून फिरलो असतो. मानसापेक्षा ढोर मोठं नाई, इतकं मलेई समजते. पन आवतन तुमच्या तोंडचं आहे. तुमी म्हना, जुपतो."

"जुपा," गोपाळकृष्ण म्हणाला. त्याने क्षणाचाही विचार केला नाही. विचार करण्याजोगं त्यात काही आहे असंही त्याला तेव्हा वाटलं नाही.

जानरावाने डोक्याचं पागोटं काढून गुलब्याच्या पायाशी ठेवलं, हात जोडले, ओठ हलवले. भिंतीला टेकवलेलं जू त्याने उचललं. तानुबाईने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात झोपडीच्या दारातून आवाज आला.

"गोप्या, बैलं नोको."

आई दाराची चौकट धरून उभी होती. गोपाळकृष्ण दचकला तो ती उठून आली म्हणून, आणि तिच्या बोलण्यानेही. सातारच्या सासरात आणि जंगबारच्या चार मराठी घरांत वीस वर्षं घासूनपुसून बोललेली ही बाई असं बोलते, हे त्याला माहीतच नव्हतं.

"आई, तू आत जाऊन नीज आधी."

"आवतन देऊन पाहुन्याले कामाले लावते का कोनी? मी नाई बसत त्या गाडीत."

"अगं पण तुझ्यासाठीच चाललंय हे!"

"माह्यासाठी म्हनूनच सांगून राह्यली. तू त्याहीले जेवाले बोलावलं. मी आतून ऐकलं, मीच म्हनली मोठ्यानं म्हन. आता त्याहीच्या मानेवर बसून मी जगली, तं दरसाली पोयाच्या दिवशी कोनतं तोंड घेऊन ओवायू मी?" ती उंबऱ्यातच बसली. "जुपशीन तं मी इथीच बसतो," ती म्हणाली. अगदी लहान मुलीसारखी.

गोपाळकृष्णाला त्या क्षणी आईचा जितका राग आला तितका पुन्हा कधी आला नाही. इतकं अंतर ओलांडून ती इथे मरायला आली होती का? सूर्य ढगांत कुठे होता ते दिसत नव्हतं. गाडीला किती वेळ उरला तेही कळत नव्हतं. त्याने जानरावाकडे पाहिलं. जानराव हातात जू घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती की काळजी, हे गोपाळकृष्णाला आजही सांगता येणार नाही. त्याने वाकून पागोटं उचललं, झटकलं आणि डोक्यावर ठेवलं.

"मंग झालं तं," तो म्हणाला. "मायनं निकाल देला. बैल नाई, तं आपन. धरा तिकडून."

"काय?"

"जू धरा. दमनी हलकी आहे, माय तं त्याहून हलकी. नाल्यापावतर गाराचिखल आहे, तितं जीव जाईन. पुढं मुरमाची वाट आहे."

"थांबा," तानुबाई म्हणाली. ती आत गेली आणि कालची लोण्या-हळदीची वाटी घेऊन आली. "कोरड्या खांद्यानं जू घेऊ नये." तिने आधी नवऱ्याच्या आणि मग गोपाळकृष्णाच्या खांद्याला लोणी चोळलं. चोळता चोळता तिच्या तोंडून सवयीने निघालं, "आज आवतन घ्या..." ती थांबली. "उद्या नाई. आजच या जेवाले. टायमावर आले तं."

"याले म्हन," जानराव म्हणाला. "हा नवा बैल आहे. मले काय, मी जुनाच."

विमलबाईंना घोंगड्यात गुंडाळून दमणीत निजवलं. जानरावाने उजव्या खांद्यावर जू घेतलं, गोपाळकृष्णाने डाव्या. मागे तानुबाई कासोटा घट्ट खोचून चाकाशी उभी राहिली.

काळ्या रानातला चिखल ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. पाय घातला की पोटरीपर्यंत आत जातो आणि काढताना जमीन तो सोडत नाही. चाकांना चिखल चढून ती एवढाली जाड झाली. चार पावलं ओढायचं आणि थांबायचं; तानुबाई विळ्याने चाकांवरचा चिखल तासायची; पुन्हा चार पावलं. पाऊस सुरूच होता. गोपाळकृष्णाचा फुटका गुडघा आगीसारखा जळत होता. जू बैलाच्या मानेसाठी केलेलं, माणसाच्या खांद्यावर ते बसत नाही. कडा हाडात रुतते. छपराखालून आईचा आवाज येईना म्हणून तो दर थोड्या वेळाने ओरडायचा, "आई!" एकदा उत्तर आलं नाही. त्याने जू टाकून मागे धाव घेतली. ती डोळे उघडे ठेवून पडली होती. "ओढ ना रे," ती म्हणाली. "बोलायला लावू नको मला." हे पुन्हा जंगबारचं मराठी होतं, आणि त्याला बरं वाटलं.

नाल्याशी आले तेव्हा पाणी जानरावाने सांगितल्यापेक्षा चढलेलं दिसत होतं. वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला असावा. जानराव क्षणभर उभा राहिला.

"वाढतंय का?" गोपाळकृष्णाने विचारलं.

"वाढून राह्यलं. थांबलो तं राह्यलो. चला. मधात थांबाचं नाई, काई झालं तरी."

पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. दमणीचा खालचा भाग पाण्यात गेला आणि ती हलकी होऊन खालच्या अंगाला सरकायला लागली. तानुबाई वरच्या बाजूने चाकाला लोंबकळली. मध्यावर गोपाळकृष्णाचा पाय दगडावरून सटकला आणि तो पाण्यात गेला. जू त्याच्या बाजूने खाली आलं आणि गाडीचा सगळा भार हिसक्यासरशी जानरावाच्या खांद्यावर पडला. काहीतरी कडकन वाजलं. गोपाळकृष्णाला वाटलं जू मोडलं. तो धडपडत वर आला, जुवाला हात घातला, तर जू शाबूत होतं. जानरावाचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?"

"वढ," जानराव म्हणाला. त्याने त्याला अरे-तुरे केलं ते तेवढंच.

पलीकडच्या दरडीवर चढल्यावर त्याने गोपाळकृष्णाला बाजू बदलायला लावली आणि डाव्या खांद्यावर जू घेतलं.

मुरमाची वाट लागली. चाकं मोकळी फिरायला लागली आणि दोघं जवळजवळ धावत सुटले. स्टेशनाचं कौलारू छप्पर दिसलं, त्याच वेळी शिटी ऐकू आली. झाडांवर धूर उठला.

"गेली," गोपाळकृष्ण म्हणाला. "गेली गाडी."

"आली का गेली, इथून काय कयते?" जानराव धापा टाकत म्हणाला. "ठेसनात जाऊन पाहू. चाला."

गाडी फलाटावर उभी होती. पुढच्या पुलाची पाहणी व्हायची म्हणून तिला थांबवून ठेवलं होतं आणि डब्यांतली माणसं वैतागून खाली उतरली होती. दोन माणसं दमणी ओढत आणतायत हे पाहून सगळे बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, "पोयाच्या दिवशी नवे बैल काढले वाटते!" पण छपराखाली पाहिल्यावर तोच माणूस पुढे झाला आणि त्याने विमलबाईंना उचलून आत घ्यायला हात लावला. एका बाकावरची माणसं आपणहून उठली.

आईने डोळे उघडले. ट्रंक मळ्यातच राहिली होती. पण तिच्या पदराच्या गाठीत मुंबईच्या गोदीत वेचलेल्या थोड्या लवंगा होत्या. तिने त्या तानुबाईच्या हातावर ठेवल्या. तानुबाईने एक तोंडात टाकली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "बाप्पा, हे तं झोंबते." मग बाकीच्या नीट गाठीला बांधल्या.

गोपाळकृष्णाला खूप काही बोलायचं होतं. सकाळच्या ओरडण्याबद्दलही बोलायचं होतं. पण जानराव उजवा हात छातीशी धरून आधीच फलाटाबाहेर निघाला होता.

"अहो, थांबा ना थोडं! हात दाखवा तरी कुणाला."

"नाई नाई. बैलं वाट पाहून राह्यले असन. आवतन आहे ना त्याहीले." आणि थोडं थांबून, "टरंक धाडून देतो कोनासंगं."

गाडी हलली तेव्हा खिडकीतून त्याला मुरमाच्या वाटेवर रिकामी दमणी दिसली. एका बाजूने जानराव ओढत होता, दुसऱ्या बाजूला, जिथे गोपाळकृष्ण होता तिथे, तानुबाईने जू घेतलं होतं. नाल्याने त्यांना उतरू दिलं की नाही, बैलांना त्या दिवशी पुरणपोळी मिळाली की नाही, हे त्याला कधी कळलं नाही. पुढे एकदोनदा विचारायचं मनात आलं होतं.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईला क्विनाइनचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी ताप आला, पण आईने तो काढला. ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. वडील गेल्यावर जंगबार सोडून मुलाकडेच राहिली. दर पोळ्याला ती दारावरून जाणाऱ्या पहिल्या बैलजोडीला थांबवून ओवाळायची, आणि ओवाळताना मान ताठ असायची. गोपाळकृष्ण अमरावतीला शिकला, अकोल्यात शिक्षक झाला आणि जठारपेठेत बिऱ्हाड करून राहिला.

ट्रंक भगवंताच्या गाडीतून मामाकडे पोचली होती. जानराव मात्र स्वतःहून कधी घरी आला नाही. बाजाराच्या दिवशी तो भाजी घेऊन बसलेला दिसायचा. गोपाळकृष्ण त्याच्याकडूनच भाजी घ्यायचा आणि जानराव दरवेळी माप झाल्यावर वर मूठभर टाकायचा. त्या दिवसाचा विषय त्याने कधी काढला नाही. गोपाळकृष्णाने एकदा धीर करून विचारलं, "तुमचा तो खांदा, नंतर...?" जानराव म्हणाला, "कोनता खांदा?" आणि गिऱ्हाईकाशी बोलायला लागला. पण टोपलं उचलायचं झालं की ते नेहमी डाव्या खांद्यावर जायचं, एवढं गोपाळकृष्णाने पाहिलं होतं. उजवा हात त्याला खांद्याच्या वर नेता येत नसे.

तो गेल्याचं उशिरा कळलं, तेही दुसऱ्याकडून भाजी घेताना. शेवटची भेट त्याआधीच्या श्रावणातली. पाऊस भुरभुरत होता, बाजार उठत आला होता. जानराव टोपलं आवरत होता.

"मास्तर, भेंडी घेऊन जा. कोवयी आहे."

"भेंडी कालच आणली हो. घरात पडून आहे."

"मंग मायले काय पायजे?"

"ती दोडकी म्हणत होती."

"दोडके पुढच्या बाजाराले आनतो."

"आणा. पण फार जून नकोत."

"नाई नाई," जानराव म्हणाला आणि टोपलं डाव्या खांद्यावर घेतलं. "कोवयेच आनतो."